लंडनमधल्या लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून काढलेली दोन वर्षं

सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या सॉलिसिटरांच्या, म्हणजे अशिलाचं काम थेट घेणाऱ्या तिथल्या वकिलांच्या, यादीत माझं नाव चढलं. चौथ्या वर्षात असताना भरलेल्या अर्जापासून मोजलं तर साडेचार वर्षांहून जास्त काळ गेला. बाबा नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतात. त्यामुळे वकीलपत्र, रोजनामा, तारीख हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. पण आंतरराष्ट्रीय लॉ फर्म आतून कशी चालते, तिथे नवा पदवीधर दिवसभर नेमकं काय करतो, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, ओळखीतही नव्हतं. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फर्मचं नाव देत नाही. बहुतेक मोठ्या फर्ममध्ये पद्धत थोड्याफार फरकाने हीच असते.

लंडनच्या मोठ्या फर्म ट्रेनी, म्हणजे सॉलिसिटर होण्याआधी दोन वर्षं पगारी उमेदवारी करणारे पदवीधर, काम सुरू होण्याच्या साधारण दोन वर्षं आधी निवडतात. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी ही निवड चौथ्या वर्षात होते. मी राष्ट्रीय विधी विद्यापीठात होते, आणि तिथे वरच्या वर्गातल्या मुलांकडून तारखा तरी कळायच्या. इतर कॉलेजांत तेवढंही कळत नाही, म्हणून फर्मच्या संकेतस्थळावरच्या तारखा तिसऱ्या वर्षापासूनच बघायला लागा. मी अर्ज भरला २०२१ च्या सुरुवातीला. आधी फॉर्म आणि दोन-तीन लेखी उत्तरं, मग वॉटसन-ग्लेझर ही तर्कशक्तीची चाचणी, अर्ध्या तासात ४० प्रश्न. या चाचणीत कायद्याचं काहीच विचारत नाहीत. दिलेल्या उताऱ्यातून एवढंच निघतं का, की आपण मनाचं घालतोय, हे तपासतात. सराव केल्याने गुण खरोखर वाढतात, आणि सरावाच्या चाचण्या फुकट मिळतात.

मुलाखत व्हिडिओवर झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनने भारताला प्रवासाच्या लाल यादीत टाकलं, त्यामुळे उन्हाळ्यात लंडनला जाऊन करायची व्हेकेशन स्कीम, म्हणजे फर्ममधली सुट्टीतली इंटर्नशिपही घरी बसूनच झाली. दुसरी लाट चालू होती. घरात दोघं आजारी, आणि मी आतल्या खोलीत दार लावून अनोळखी माणसांसमोर एका काल्पनिक कंपनीच्या खरेदीवर बोलत होते. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा. वर्तमानपत्रात आलेला एकच व्यवहार धरून मी तो मुळापर्यंत वाचला होता: पैसे कुणी दिले, कर्ज कोणत्या अटींवर मिळालं, कोणाची परवानगी लागली. दहा व्यवहारांची नावं सांगण्यापेक्षा ते बरं पडतं. ऑगस्टमध्ये होकार आला.

मे २०२२ मध्ये पदवी झाली आणि कागदपत्रांचा उन्हाळा सुरू झाला. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ च्या सप्टेंबरपासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आली आहे. तिची तयारी करून घेणारा, एलएल.एम.ची पदवी जोडलेला एक वर्षाचा अभ्यासक्रम लंडनमध्ये करायचा होता. फी फर्मने भरली आणि राहण्याखर्चासाठी ठरावीक रक्कम दिली. तरीही विद्यार्थी व्हिसासाठी घरचे पैसे दाखवायची तयारी आम्ही ठेवली, कारण फर्मचं पत्र कधी येईल याची खात्री नव्हती. लंडनसाठी महिन्याला १,३३४ पौंड, असे नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागायचे. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतीपत्र आणि नातं दाखवणारा जन्मदाखला लागतो. माझा दाखला फक्त मराठीत होता, त्याचं प्रमाणित भाषांतर करून घेतलं. व्हिसाची फी ३६३ पौंड, आणि आरोग्य अधिभार माझ्या मुदतीला ७०५ पौंड. क्षयरोग नसल्याचा दाखला ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातूनच घ्यावा लागतो. तो सहा महिने चालतो, म्हणून फार लवकर काढू नका. हे सगळे आकडे त्या वर्षाचे आहेत. आता ते वाढले आहेत, अर्जाच्या दिवशी पुन्हा बघा.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या मुलांनी आधीच करून ठेवावी. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, पदवीवर आणखी वेगळा. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव आणि दाखवायचं ओळखपत्र जुळावं लागतं, आणि पुढे सॉलिसिटरांची नोंदणी करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडेही हाच प्रश्न येतो. बाबांनी न्यायालयातल्या नोटरीकडून 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. ते मी अनेक ठिकाणी जोडलं.

एसक्यूईचे दोन भाग असतात. पहिल्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, वेगवेगळ्या दिवशी, पुस्तक न बघता, आणि प्रत्येक पेपर पाच तासांहून लांब. करार आणि अपकृत्य आपल्याला परकं वाटत नाही, कारण आपला १८७२ चा करार कायदा त्याच मुळातून आला आहे. जमिनीचा कायदा, ट्रस्ट, मृत्युपत्रं आणि सॉलिसिटरने अशिलाचे पैसे कसे वेगळे ठेवायचे याचे हिशेबाचे नियम, इथे मात्र सगळं शून्यापासून. माझा अर्धा वेळ जमिनीच्या कायद्यावर गेला. मी जानेवारी २०२३ मध्ये पहिला भाग दिला. त्या वेळी निम्म्याच्या आसपास मुलं उत्तीर्ण झाली. निकालाला दोन महिने लागले. दुसऱ्या भागात १६ कामं प्रत्यक्ष करून दाखवायची असतात, बारा लेखी आणि चार तोंडी: अशिलाची मुलाखत, न्यायाधीशापुढे बाजू मांडणं, मसुदा, पत्र. तो निकाल यायला ऑगस्ट उजाडला. नोकरी सप्टेंबरमध्ये सुरू होणार होती, आणि नापास झालं तर ती जाणार होती. ते चार महिने मला फार जड गेले. दोन्ही भागांची फी मिळून तेव्हा ४,११५ पौंड होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ४,७९० झाली, आणि त्यानंतरही वाढली आहे.

ज्यांना थेट ट्रेनी म्हणून जागा मिळत नाही त्यांच्यासाठी एक माहिती, कारण ती मला फार उशिरा कळली. दोन वर्षांचा कामाचा अनुभव इंग्लंडमध्येच घ्यावा लागतो असं नाही. तो चार वेगवेगळ्या ठिकाणी मिळूनही चालतो आणि भारतातलं कामही धरता येतं, फक्त त्यावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने किंवा तिथल्या फर्मच्या अनुपालन अधिकाऱ्याने सही करायला हवी. भारतात सनद असलेल्या वकिलाला तर या अनुभवाची अटच नाही. परीक्षा मात्र द्यावी लागते.

सप्टेंबर २०२३. नोकरीचा व्हिसा फर्मने काढला. खोली मात्र मलाच शोधायची होती. शहराच्या मध्याला लागून असलेल्या दुसऱ्या झोनमध्ये चौघींच्या घरात महिन्याला १,०५० पौंडांची खोली सापडली. एजंटने ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागितला, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. तेव्हा मी फर्मच्या मनुष्यबळ विभागाला विचारलं आणि त्यांनी पगाराचं पत्र थेट एजंटला पाठवलं. तेवढ्यावर भागलं. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही असा २०१९ चा कायदा आहे, आणि ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून त्याची माहिती भाडेकरूला द्यावी लागते. ती माहिती मागून घ्या. पहिल्या वर्षाचा पगार ५०,००० पौंड होता. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक सुरक्षेची कपात) जाऊन महिन्याला साधारण ३,१५० हातात यायचे, त्यातून पेन्शनची कपात वेगळी. भाडं, वीज, १५६ पौंडांचा महिन्याचा पास, जेवण हे सगळं भागून घरी थोडे पाठवता यायचे. पहिला पगार महिनाअखेर येतो, अनामत आणि पहिलं भाडं त्याच्या आधी. निघताना अडीच-तीन हजार पौंड जवळ हवेत.

पहिल्या आठवड्यात सह्या करायच्या कागदांत एक कागद होता: कायद्याने आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे, ती मी स्वखुशीने सोडते. सगळे सही करतात. मी केली, पण घरी आल्यावर बराच वेळ त्याचाच विचार करत होते. पुढच्या दोन वर्षांत त्या सहीचा अर्थ नीट कळला. शांत आठवड्यात साडेनऊ ते सात. व्यवहार पूर्ण व्हायच्या आठवड्यात रात्रीचा एक, दोन, कधी त्याही पुढे. उशीर झाला की जेवण आणि घरी जायची टॅक्सी फर्मकडून. हे सांगताना मला त्याचं कौतुक करायचं नाही. मैत्रिणीच्या लग्नाला मला जाता आलं नाही, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी एका वित्तकराराची परिशिष्टं तपासत होते. येणाऱ्याने हे माहीत असूनच यावं.

ट्रेनीची दोन वर्षं चार 'सीट'मध्ये विभागलेली असतात, प्रत्येकी सहा महिन्यांची. प्रत्येक सीटला एक सुपरवायझर, बहुधा तिच्याच खोलीत तुमचं टेबल. हे एकाच खोलीत बसणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. ती फोनवर विरुद्ध बाजूच्या वकिलाशी कशी बोलते, कुठे गप्प राहते, अशिलाला वाईट बातमी कोणत्या क्रमाने सांगते, हे ऐकूनच शिकता येतं. बाबांचे ज्युनिअरही असेच त्यांच्या मागे न्यायालयात उभे राहून शिकले.

सगळा वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवायचा असतो, कोणत्या अशिलासाठी, कोणतं काम. पहिले काही आठवडे याचं दडपण यायचं. एखादं कलम मी चार वेळा वाचायचे आणि वाटायचं, याचे पैसे अशील देणार? एका वरिष्ठ सहकाऱ्याने सांगितलं ते मी इतरांनाही सांगते: लागला तेवढा वेळ खरा लिहायचा, कमी करायचा की नाही ते पार्टनर ठरवतील. आणि नोंद त्याच दिवशी करायची.

माझी पहिली सीट बँकिंगची. या विभागाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण या कामाचा गाभा मला इथे दिसला. बँक कंपनीला कर्ज देते तेव्हा पैसे सोडण्याआधी कंपनीने काय काय आणून द्यायचं याची लांब यादी करारात असते: संचालक मंडळाचा ठराव, घटनापत्रं, सह्यांचे नमुने, विम्याचे कागद, दुसऱ्या देशातल्या वकिलांचं मत. ही यादी सांभाळणं हे ट्रेनीचं काम. रोज सकाळी कोणता कागद आला, कोणता मसुद्यात आहे, कोणता कुणाकडे अडकला, हे भरून सगळ्यांना पाठवायचं. यात कायदा कुठे आहे असं पहिल्या आठवड्यात वाटतं. मग एक दिवस ठरावातल्या कंपनीचं नाव आणि करारातलं नाव यांत एका शब्दाचा फरक दिसतो, आणि त्यामुळे सगळं थांबतं.

सह्यांचंही तसंच. पूर्वी सह्यांची पानं आधीच घेऊन ठेवायचे आणि अंतिम मसुद्याला जोडायचे. २००८ मध्ये मर्क्युरी टॅक्स ग्रुपच्या प्रकरणात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने, जुन्या मसुद्यावरच्या सह्या नव्या दस्ताला जोडणं चालणार नाही, अशी भूमिका घेतली. तेव्हापासून 'डीड' या जास्त औपचारिक प्रकारच्या दस्तासाठी सही करणाऱ्याने अंतिम दस्ताची पूर्ण प्रत आणि सही केलेलं पान दोन्ही एकाच ईमेलने पाठवायचं, अशी पद्धत रूढ आहे. ट्रेनीने हे सगळ्या सही करणाऱ्यांना समजावायचं, आणि आलेला प्रत्येक ईमेल उघडून बघायचा. कंपनीतर्फे डीडवर दोन अधिकृत व्यक्ती सही करतात, किंवा एक संचालक साक्षीदारासमोर. साक्षीदार प्रत्यक्ष समोर लागतो, व्हिडिओवर बघणारा चालत नाही. एका रात्री अकराला एक संचालक परगावी हॉटेलात एकटे होते आणि सकाळी पैसे सुटायचे होते. मी त्यांच्याशी फोनवर बोलत राहिले आणि त्यांनी खाली जाऊन स्वागतकक्षातल्या माणसाला साक्षीदार व्हायची विनंती केली. त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय वाचता येईल असं लिहून घेतलं. पान आलं तेव्हा साडेबारा वाजले होते.

पैसे सुटले की सगळे झोपायला जातात, आणि ट्रेनीचं घड्याळ तिथून सुरू होतं. इंग्लिश कंपनीने दिलेलं तारण कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात २१ दिवसांत नोंदवलं पाहिजे, तारण निर्माण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून. नोंदवलं नाही आणि कंपनी बुडाली, तर अवसायकापुढे आणि इतर देणेकऱ्यांपुढे ते तारण निरर्थक ठरतं. शेकडो कोटींच्या कर्जाची सुरक्षितता एका ऑनलाइन फॉर्मवर, आणि तो फॉर्म भरते फर्ममधली सगळ्यात नवी व्यक्ती. तिथल्या पद्धतीप्रमाणे आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नोंदवायचो, पण कॅलेंडरमध्ये मी तरीही दोन तारखा टाकायचे आणि एक सुपरवायझरच्या कॅलेंडरमध्येही. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, मुदतीचा कायदाच तो. वकिलाची अर्धी झोप त्यातच जाते."

काम घेताना मी पाच गोष्टी विचारायला शिकले: हे कशासाठी हवं आहे, कधी हवं, कोणत्या स्वरूपात, साधारण किती वेळ लागावा, आणि याचा जुना नमुना आहे का. सुरुवातीला विचारायला संकोच व्हायचा. आपल्याकडे वरिष्ठांना 'सर', 'मॅडम' म्हणायची सवय. इथे पंचवीस वर्षं काम केलेल्या पार्टनरलाही नावाने हाक मारायची आणि वर उलटा प्रश्न विचारायचा, हे जिभेवर यायला वेळ लागला. पण या नोकरीत कुणी माझ्याकडून इंग्लिश कायदा पाठ असल्याची अपेक्षा केली नाही. न विचारता अंदाजाने केलेलं काम मात्र कुणालाही चालत नाही.

मार्च २०२४ पासून दुसरी सीट, दाव्यांच्या विभागात. इथे बंडल. सुनावणीसाठी लागणारी सगळी कागदपत्रं एका क्रमाने, सलग पृष्ठक्रमांक देऊन, प्रत्येक नोंदीला दुवा जोडून तयार करायची. न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे बॅरिस्टर आणि साक्षीदार एकाच पानावर असले पाहिजेत. शेवटच्या क्षणी विरुद्ध बाजूचा नवा कागद आला की क्रमांकांची नवी रचना. ईमेलने बजावलेला कागद कामाच्या दिवशी साडेचारच्या आत गेला तर त्याच दिवसाचा, नाहीतर पुढच्या कामाच्या दिवसाचा धरतात. त्यामुळे चार वाजल्यापासून खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही. फेटर लेनवरच्या रोल्स बिल्डिंग या न्यायालयाच्या इमारतीत मी बॅरिस्टरच्या मागच्या रांगेत बसून न्यायाधीश काय म्हणाले ते शब्दशः टिपायचे. उलटतपासणी ऐकताना मला नाशिकचं न्यायालय फार आठवायचं. तिथली गर्दी, तारखेला आलेली आणि कागद पिशवीत धरून बसलेली माणसं. इथे अशील फारसे दिसतच नाहीत. एवढ्या मोठ्या रकमांमागे माणसं असतात हे मुद्दाम आठवावं लागतं.

दुपारी अर्धा तास मिळाला की मी जवळच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या बागेत जायचे. कॉर्नेलिया सोराबजी मूळच्या नाशिकच्या, जन्म १८६६ चा. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बीसीएल परीक्षा दिली. बाई म्हणून पदवी मिळायला १९२२ साल उजाडलं, आणि पुढे याच लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. थकलेल्या दिवसांत मला त्या तीस वर्षांचा आधार वाटायचा. हिवाळा मात्र कठीण. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि आठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे जाता-येता दोन्हीकडे अंधार. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, आणि रविवारी घरात बसू नका. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. मंडळ १९३२ पासूनचं. गणपतीत तिथे गेले, आरतीला उभी राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्या आवाजात मराठी बोलले.

तिसरी सीट सिंगापूरला, सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५. परदेशी जाण्यासाठी आधीच्या सीटमध्येच पसंती कळवावी लागते. कामाचा परवाना आणि राहायची सोय फर्मने केली. तिथला भारतीय गट भांडवल बाजाराचं काम करायचा, आणि ते वर्ष भारतात आयपीओंचं होतं. ऑक्टोबरमध्ये एकट्या ह्युंदाई मोटर इंडियाचा आयपीओ सुमारे २७,८७० कोटींचा होता. परदेशी फर्मला भारतात भारतीय कायद्यावर वकिली करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बालाजी प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. म्हणून अशा व्यवहारात भारतीय कायदा मुंबई-दिल्लीच्या फर्म बघतात आणि परदेशी गुंतवणूकदारांना विकण्याची बाजू आमच्यासारख्या फर्म. माझं काम मुख्यतः माहितीपत्रातल्या प्रत्येक विधानाला पुरावा शोधण्याचं. 'कंपनी या क्षेत्रात तिसऱ्या क्रमांकावर आहे' असं लिहिलं की कोणत्या अहवालात, कोणत्या वर्षाच्या, कशाच्या आधारे, हे विचारायचं.

वेळापत्रक का तुटेपर्यंत ताणलं जातं तेही इथे कळलं. लेखापरीक्षक देतात त्या हमीपत्राला १३५ दिवसांची मर्यादा असते. शेवटच्या तपासलेल्या ताळेबंदाच्या तारखेपासून १३५ दिवस उलटले की नंतरच्या बदलांबद्दल ते नेहमीची हमी देत नाहीत. ३० सप्टेंबरचे आकडे धरले तर १२ फेब्रुवारीपर्यंत सगळं उरकायचं. जानेवारीत कुणीच नीट झोपलं नाही. मुंबईत रात्रीचे दहा म्हणजे सिंगापूरला साडेबारा, आणि मुंबईची मंडळी दहाला ताजी असतात. एका रात्री एका कंपनीच्या वित्त विभागातले एक गृहस्थ आकड्यांचा कागद शोधताना स्वतःशीच मराठीत पुटपुटले. मी मराठीत उत्तर दिलं. पुढचे दोन महिने ते मला 'बाळा' म्हणायचे, आणि कागद लवकर यायला लागले.

मार्च २०२५ पासून शेवटची सीट, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची. इथली एकच गोष्ट सांगते. इंग्लिश कंपनीचे शेअर विकत घेतले की किमतीवर अर्धा टक्का मुद्रांक शुल्क. हस्तांतरणाचा फॉर्म ३० दिवसांत महसूल खात्याकडे जातो, २०२० पासून ईमेलने, आणि प्रत्यक्ष शिक्क्याऐवजी पत्र येतं. ते येईपर्यंत कंपनीच्या नोंदवहीत खरेदीदाराचं नाव चढवता येत नाही. मधल्या काळात मतदानाचा हक्क कागदोपत्री विकणाऱ्याकडेच राहतो, म्हणून त्याच्याकडून त्याच दिवशी मुखत्यारपत्र घेतात. ते मुखत्यारपत्र ट्रेनीनेच मसुदा करायचं असतं.

याच काळात पुढच्या नोकरीचा निर्णय होतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोणत्या विभागात किती जागा आहेत याची यादी येते, मग अर्ज, मुलाखत. लोकप्रिय विभागात जागांपेक्षा इच्छुक जास्त असतात. माझ्याबरोबरची एक मुलगी, आमच्यातली सगळ्यात कष्टाळू, तिच्या आवडीच्या विभागात जागाच निघाली नाही म्हणून दुसऱ्या फर्ममध्ये गेली. मला बँकिंग हवं होतं, ते मिळालं. ज्या विभागात राहायचं आहे तिथल्या लोकांना ते आधीच स्पष्ट सांगा. इथे तोंडाने मागणं उद्धटपणाचं मानत नाहीत.

सॉलिसिटर म्हणून नोंदणीसाठी सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे ऑनलाइन अर्ज, १०० पौंड फी, चारित्र्याची तपासणी, आणि दोन वर्षांच्या कामावर फर्मची सही. प्रत्येक सीट संपताना त्या सहा महिन्यांची कामं लिहून ठेवली असतील तर हे एका संध्याकाळचं काम आहे. नाशिकचं प्रतिज्ञापत्र इथे शेवटचं लागलं.

यादीत नाव आलं त्या दिवशी बाबांना फोन केला. आनंद झालाच त्यांना, पण दुसरा प्रश्न लगेच: "सनद कधी काढणार?" मी ती अजून काढलेली नाही. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे पैशांची अडचण उरलेली नाही. पण पूर्णवेळ पगारी नोकरी करताना भारतात वकिली चालू ठेवता येत नाही. शिवाय नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. तेव्हा परत यायचं ठरेल तेव्हाच महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करीन. मूळ पदवी, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मी लंडनला आणलेलं नाही. ते नाशिकला बाबांच्या कपाटात आहे. तुम्हीही मूळ कागद घरीच ठेवा, आणि इकडे येताना प्रमाणित प्रतींचे दोन संच घेऊन या.